ती ओळ नुसती पुटपुटली तर चालेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही १७ वर्षं अमेरिकेत आहोत. माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला आणि आता ओथ सेरेमनीचं (शपथविधीचं) पत्र आलंय, तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे. (मिस्टरांचा फॉर्म नंतर भरणार.) सगळे खुश आहेत पण मी शपथेचा मजकूर वाचला आणि पोटात गोळाच आला, आधीच्या देशावरची निष्ठा सोडते असं सरळ सरळ म्हणायचंय. ती एक ओळ पुटपुटली किंवा गप्प बसले तर कोणाला कळणारे? हसू नका प्लीज. दुसरं, सेरेमनीनंतर नऊ दिवसांनी भाच्याच्या लग्नाला भारतात जायचंय, तिकीट काढलंय, भारतीय पासपोर्ट अजून चार वर्षं व्हॅलिड आहे, त्यावर जाऊन येईन म्हणते. आणि मुलीला (वय १२, ग्रीन कार्ड आहे) पण शपथ घ्यावी लागते का?

उत्तर : हसले नाही हो, कारण माझ्या वेळी माझी पण जीभ तिथेच अडखळली होती. पण खरं सांगायचं तर मला त्या ओळीपेक्षा आधीचा एक क्षण जास्त लागला. आत जाताना टेबलावर एक बाई बसली होती, तिने पत्र बघितलं, ग्रीन कार्ड मागितलं आणि ज्या कार्डासाठी मी अकरा वर्षं रांगेत काढली ते बाजूच्या ट्रेमध्ये टाकून दिलं, टप्प. तिथे आधीच पन्नासेक कार्डं पडलेली. मला उगीच वाटलं निदान दोन्ही हातांनी तरी घ्यायचं.

आता तुमची ओळ. त्यात राजे, संस्थानिक, सार्वभौम सत्ता असले भारदस्त शब्द आहेत ना, ते थेट १७९५ च्या कायद्यापासून चालत आलेत, त्यामुळे भाषा जरा दरबारी वाटते. पण पुटपुटून उपयोग काही नाही, कारण तुमचं भारतीय नागरिकत्व त्या ओळीमुळे जातच नाही, ते जातं आपल्याकडच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यामुळे. कलम ९ म्हणतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपलं. तुम्ही ती ओळ ठणठणीत आवाजात म्हणा नाहीतर रडत म्हणा, निकाल तोच. आणि इकडच्या बाजूने शपथ घेतल्याशिवाय तुम्ही सिटिझन होतच नाही, इंटरव्ह्यू पास झाला तरीही. तेव्हा मनात नसेल तर जाऊच नका, जायचं ठरलं असेल तर पूर्ण म्हणा. शपथेत आईचा, गावाचा, भाषेचा उल्लेख कुठेच नाही, मी तीनदा वाचून बघितलंय.

पासपोर्टचं मात्र अजिबात असं करू नका!! त्या दिवशी नागरिकत्व गेलं म्हणजे पासपोर्टवर तारीख काहीही असो, तो वापरणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा होतो, दंड वेगळा. आणि समजा गेलातच, तर परत येताना विमानतळावर दाखवणार काय? ग्रीन कार्ड तर ट्रेमध्ये पडलं. हातात असतं फक्त नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, आणि त्यावर प्रवास होत नाही. आधी डीएस-११ हा फॉर्म भरून समक्ष जाऊन अमेरिकन पासपोर्टला अर्ज करायचा, त्यासोबत ते ओरिजिनल सर्टिफिकेटही पाठवायचं (ते नंतर पोस्टाने परत येतं), मग जुना पासपोर्ट सरेंडर करायचा, मग व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड). नऊ दिवसांत हे बसणं फार कठीण, कितीही धावपळ केली तरी.

माझं ऐकाल तर लग्नाला आधी जा. सेरेमनीचं पत्र, म्हणजे एन-४४५, कारण लिहून परत पाठवा आणि पुढची तारीख मागा, तशी सोय आहे. फक्त न कळवता दांडी मारू नका, पुन्हा पुन्हा गैरहजर राहिलं तर अर्जच नाकारला जाऊ शकतो. शपथ होईपर्यंत तुम्ही भारतीय आहात आणि ग्रीन कार्डही खिशात आहे, छान जाऊन या. परत आल्यावर नव्या तारखेच्या त्याच फॉर्मवर एक प्रश्न असतो, इंटरव्ह्यूनंतर देशाबाहेर गेला होतात का, तिथे प्रामाणिकपणे हो लिहा, उत्तरं सेरेमनीच्याच दिवशी भरायची असतात, आठवडाभर आधी नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की टाळ्या, झेंडे, फोटो सगळं बाजूला ठेवून आधी नाव वाचा. आपल्या लोकांचा घोळ ठरलेला, भारतीय पासपोर्टवर स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव एकाच रकान्यात असतं आणि इथे कुणी त्याचं मिडल नेम करतं, कुणी गाळतं. माझ्या सर्टिफिकेटवर एक अक्षर चुकलं होतं, मी तिथेच बोलले म्हणून तिथल्या तिथे बदलून मिळालं, माझ्या मैत्रिणीला घरी गेल्यावर दिसलं तर तिला एन-५६५, म्हणजे बदलून मागायचा फॉर्म, भरून महिनोन्महिने वाट बघावी लागली. आणि कृपा करून ते लॅमिनेट करू नका, आपल्याला सवय असते.

ओसीआय घेतलं की येण्याजाण्याचा प्रश्न आयुष्यभराचा सुटतो, मतदान नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, वडलांकडून वारसाने येणारी चालते.

साडी बिनधास्त नेसा, जीन्स आणि चपला नकोत असं पत्रातच लिहिलेलं असतं. मुलीला शपथ नाही. ती १८ च्या आत आहे, ग्रीन कार्डवर आहे आणि तुमच्याजवळ राहते, त्यामुळे तुम्ही सिटिझन झालात की त्याच क्षणी तीही होते, तिचा थेट पासपोर्टच काढा. त्या दिवशी तिची शाळा मात्र बुडवा, तुमचे फोटो काढायला कोणीतरी लागेलच की.