'नॅनो' शब्द बघून एमएस्सी निवडू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मिळालं. टीवायबीएस्सीला केमिस्ट्री, तालुक्याच्या गावी बाबांची पॅथॉलॉजी लॅब. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून तू ती सांभाळावीस असं घरी वाटतं. तुझ्या मनात मात्र सेमिनारमध्ये ऐकलेले, हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन ओळखणारे नॅनो सेन्सर घोळतायत. एमएस्सी नॅनोटेक्नॉलॉजी करू का, असं विचारलंयस.

माझं मत स्पष्ट आहे: एमएस्सी ॲनालिटिकल किंवा फिजिकल केमिस्ट्रीतच कर. सीएसआयआर-नेट या संशोधन फेलोशिपच्या राष्ट्रीय परीक्षेला नॅनोटेक्नॉलॉजी असा वेगळा विषय नाही, केमिकल सायन्सेसचाच पेपर द्यावा लागतो. आणि या सेन्सरचा जीव इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन काय, स्नायूतलं मायोग्लोबिन काय, दोन्हींत हीम असतं आणि हीमच्या मधोमध लोहाचा अणू. तो इलेक्ट्रॉन घेतो-देतो, त्यातून मिळणारा प्रवाह आपण मोजतो. पण हीम प्रथिनाच्या घडीत दडलेलं असल्यामुळे साध्या इलेक्ट्रोडशी ही देवघेव फार संथ होते. सोन्याचे नॅनोकण किंवा कार्बन नॅनोट्यूब लावले की ती वेग घेते. नॅनोचं काम एवढंच, पण मोलाचं.

प्रत्यक्षात दिवसाची सुरुवात घासण्याने होते. ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडचं टोक म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचा काळा ठिपका. ओल्या पॅडवर ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनाची बारीक पूड घ्यायची आणि इंग्रजी आठ काढल्यासारखा हात फिरवत राहायचं, ठिपका आरशासारखा चमकेपर्यंत. मग फेरीसायनाइडच्या द्रावणात तपासायचा; प्रवाहाच्या आलेखातली दोन शिखरं एकमेकांपासून फार लांब पडली तर पुन्हा पॅडवर. यात रमशील का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचार.

बाबांच्या लॅबला कमी लेखू नकोस. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) लालसर दिसलं की नमुना हिमोलाइज झालाय हे ते बघताक्षणी सांगतील. तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन सीरममध्ये उतरलेलं असतं. आता विचार कर, फक्त हीमवर विसंबलेला तुझा मायोग्लोबिन सेन्सर इथे फसणारच! म्हणून मायोग्लोबिनच तेवढं पकडणारी अँटिबॉडी इलेक्ट्रोडवर बसवतात. शिवाय हार्ट ॲटॅकनंतर मायोग्लोबिन लवकर वाढत असलं तरी मांडीचा स्नायू चिरडला तरीही ते वाढतं, त्यामुळे डॉक्टर हृदयाच्या स्नायूतल्या ट्रोपोनिन या प्रथिनावर जास्त भरवसा ठेवतात. बफरमध्ये, म्हणजे ठरावीक आम्लतेच्या स्वच्छ द्रावणात, सुरेख चालणारे सेन्सर सीरममध्ये अडखळतात, कारण तिथली इतर प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटतात. खरं संशोधन इथे हवंय, आणि लॅबमध्ये वाढलेल्या मुलीला ते लवकर उमगेल.

आयआयटीत एमएस्सीसाठी फेब्रुवारीत जॅम ही प्रवेश परीक्षा असते, तयारीला लाग. इतरत्र प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचार: पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आहे का, आणि एमएस्सीच्या मुलांना ते हाताळू देतात का? पुढे नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप आणि घरभाडे भत्ता, हे बाबांना जरूर सांग. पुण्यात एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आहेत. सेन्सर बनवण्याच्या नोकऱ्या मोजक्या आहेत हे खरं, पण डायग्नोस्टिक किट आणि औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये ॲनालिटिकलवाल्यांना वाव आहे.

या सुट्टीत महिनाभर बाबांबरोबर लॅबमध्ये बस. नाकारलेल्या नमुन्यांची वही ठेव, कारणासकट.