साडेआठची बस

प्रिय,

तुझा रात्री पावणेदोनला आलेला मेसेज सकाळी वाचला. 'कॉलेज संपत आलं आणि माझं कॉलेज झालंच नाही.' हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. खाली तू विचारलंयस, आणखी दोन वर्षं एम.ए. करू का, निदान हॉस्टेलवर तरी राहायला मिळेल.

नको करूस. विषय आवडत असेल तर खुशाल कर, हॉस्टेलसाठी नको. हा प्रयोग मी करून बसले आहे. पहिली तीन वर्षं घरून जाण्यायेण्यात गेली, म्हणून दुसरी पदवी मुद्दाम लांब जाऊन घेतली. खोली मिळाली, एका मजल्यावर बावीस मुली मिळाल्या. आणि मी आतून कडी लावून नोट्स काढत बसले. दोन वर्षं. व्हरांड्यात रात्री एक-एक वाजेपर्यंत हसणं चालायचं आणि मी आत मनातल्या मनात म्हणायचे, काय हा उथळपणा!

सामानाबरोबर सवयही आली होती ना. उठून जायची सवय.

पहिल्या कॉलेजात शेवटचा तास सुटला की सगळे पायऱ्यांवर टेकायचे आणि मी बॅग उचलायचे. 'माझी शेवटची बस सव्वासहाला आहे.' तीन वर्षं हेच सांगितलं. साडेआठलाही एक होती. मला ठाऊक होतं. पण थांबले आणि कुणी माझ्याशी बोललंच नाही तर? त्यापेक्षा बस गाठणाऱ्या माणसाची अब्रू शाबूत राहते.

तुझं वेगळं आहे, मान्य. तुला सहाला शिकवण्यांना पोचावं लागतं आणि ते पैसे घरात लागतात. माझी सबब खोटी होती, तुझी खरी आहे. पण खऱ्या सबबीच्या आडोशाला एखादी खोटी सहज लपते. मागे तूच म्हणाला होतास, शुक्रवारी तास चारला संपतात. चार ते सहा तू वाचनालयात हेडफोन लावून बसतोस. हे दोन तास कुणाच्या घरखर्चाचे, सांग बरं?

तेव्हा थांबत जा. माझ्याकडे देण्यासारखा हा एवढाच सल्ला आहे आणि तो मी तुला कंटाळा येईपर्यंत देणार आहे. बोलता आलं नाही तरी थांब. विनोद कळला नाही तरी थांब. निघावंसं वाटलं की आणखी दहा मिनिटं थांब.

यामागे हिशेब आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला आलेल्या माणसांना आणि कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलांना विचारून मैत्रीला किती वेळ लागतो ते मोजलं. २०१८ साली ते छापून आलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगल्या मैत्रीला ९०, आणि जिवलग म्हणावं असं माणूस व्हायला २०० हून जास्त. अंदाजच आहेत, काट्यावर तोललेले नाहीत. एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरू नकोस. सबमिशनच्या ग्रुपमध्ये वर्षभर राहूनही तुला कुणी जवळचं वाटलं नाही, त्याचं कारण कदाचित हेच.

आता बघ, कॉलेज काय देतं? हे तास देतं, फुकट. हॉस्टेलवरची मुलं रोज चार तास एकमेकांच्या खोलीत लोळली तर दोनशे तास पन्नास दिवसांत होतात. त्यात त्यांचं कर्तृत्व काही नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता, १९५० साली तो प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री होणार हे बरंचसं कोणाचं दार कोणाशेजारी यावर ठरलं होतं. जिन्याजवळच्या बिऱ्हाडांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त. दार, जिना, जाता-येता दिसणं, एवढ्यावर दोस्ती! आणि तू मात्र रात्री पावणेदोनला 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं लिहितोस. मला राग आला ते वाचून, खरं सांगते.

बरं, इतरांच्या स्टेटसवरच्या फोटोंवरही जाऊ नकोस. कॅनडातल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं, तर 'बाकीच्यांना माझ्यापेक्षा जास्त मित्र मिळालेत' असं वाटणारेच जास्त निघाले. सगळ्यांचंच ते खरं असेल कसं?

माझं म्हणशील तर एकेचाळिसाव्या वर्षी शहाणपण आलं. दर गुरुवारी संध्याकाळी जमणाऱ्या एका हौशी गाणाऱ्यांच्या गटात गेले आणि स्वतःला बजावलं, वर्षभर सगळ्यांत शेवटी निघायचं. पहिले तीन महिने नुसत्या खुर्च्या उचलून ठेवल्या. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला शंभर. दोनशे व्हायला दोन वर्षं लागली. तुझ्या वयात दोन महिन्यांत जमलं असतं ते. त्यातल्या दोघी आज माझ्या घराची किल्ली बाळगून आहेत.

म्हणजे मी काही तेव्हा वाया गेले नाही, हेही लिहून ठेवते. त्या बंद खोलीत मी जे वाचलं त्यावर पुढे पंचवीस वर्षं नोकरी केली. व्हरांड्यातल्या किती जणींना ते जमलं, मला माहीत नाही. मला त्यांच्यातल्या एकीचंही पुढे काय झालं ते माहीत नाही. असो.

गेलेली तीन वर्षं तुला कुणी परत देणार नाही आणि 'त्याने काही बिघडत नाही' असं मी म्हणणारही नाही. बिघडतं. थोडं चुकचुकत राहतं. पण तुझे चार महिने उरलेत. शुक्रवार धरले तरी सोळा-सतरा, त्याचे बत्तीस-चौतीस तास. जिवलग कुणी मिळणार नाही त्यात. पन्नासाच्या जवळ मात्र जाशील, आणि उरलेले तास कॉलेज सुटल्यावरही भरता येतात, फोन करून, भेटून, कुणाच्या घरी नुसतं बसून.

या शुक्रवारी हेडफोन घरी ठेव. चार ते सहा कुठे होतास ते रात्री कळव. वाचनालयात होतो असं लिहिलंस तर उत्तर देणार नाही. देईन, पण उशिरा.

तुझी,
मावशी