वारसदाराचा रकाना

हृदय आणि फुफ्फुसांच्या आजारांवरच्या औषध-चाचण्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना ही उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई आधी छातीच्या वॉर्डात सिस्टर होत्या, पुढे २२ वर्षं स्टडी कोऑर्डिनेटर, म्हणजे चाचण्यांचं रोजचं काम बघणाऱ्या.

प्रश्न : ताई, माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, बार्शीजवळ शेती करतात. दोन वर्षांपासून दम लागतो. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा फायब्रोसिस निघाला (फुफ्फुस आतून ताठ होत जातं), आयपीएफ. पुण्यातल्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलंय. २२ पानांचा फॉर्म दिलाय. औषध मिळणार की तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे कॉम्प्युटर ठरवणार आणि डॉक्टरांनाही कळणार नाही म्हणे. शेवटी बाबांचं वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारलंय. ते वाचून आई रडायलाच लागली. काका म्हणतात, माणसांचे उंदीर करतात हे लोक. सही करू द्यावी का?

उत्तर : 'तू' म्हणते, चालेल ना? माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची असेल.

आधी आईचं रडणं थांबवू. वारसदाराचा तो रकाना आपल्याकडच्या नियमांतच आहे. ट्रायलमुळे माणूस दगावला तर भरपाई कोणाला द्यायची, हे आधीच लिहून घ्यायचं असतं. उत्पन्नाचा रकानाही त्याच नियमांत आहे. आमच्याकडे आम्ही त्याला 'एलआयसीचं पान' म्हणायचो. विमा काढताना नॉमिनी लिहितोच ना आपण, तेव्हा कुणी रडत नाही. तो रकाना फॉर्मवर नसता तर मी म्हटलं असतं, उठा आणि घरी चला.

आता बिनऔषधाची गोळी. काकांचा राग मला समजतो, पण तुला मी माझ्याच हातून झालेलं सांगते. याच आजारावर, आयपीएफवर, आम्ही कित्येक वर्षं तीन औषधं एकत्र देत होतो : प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. एक सूज उतरवणार, दुसरं प्रतिकारशक्तीला आवर घालणार, तिसरं पेशींना सांभाळणार. ऐकायला किती पटतं! पेशंटच्या हातात पाकिटं देताना 'काही खाल्ल्याशिवाय घेऊ नका हं' हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

मग अमेरिकेत त्यावर नीट चाचणी झाली. काहींना ही तीन औषधं, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. अशा चाचण्यांवर बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती असते आणि ती अधूनमधून आकडे उघडून बघते. २०११ मध्ये तिने तीन औषधांचा तो गट मध्येच थांबवायला लावला. औषधं घेणाऱ्या ७७ जणांत ८ मृत्यू झाले होते, बिनऔषधाच्या ७८ जणांत १. इस्पितळात भरती करावी लागली ती एकीकडे २३ जणांना, दुसरीकडे ७ जणांना.

ज्यांच्या वाट्याला 'खोटी' गोळी आली, तेच वाचले की गं. बातमी आली त्या दुपारी आमच्या सरांनी ओपीडी संपल्यावर दार लावून घेतलं आणि आमच्या रजिस्टरमधली नावं एकेक करून काढली. कोणाकोणाला फोन करून औषध बदलायला बोलवायचं, याची यादी मी लिहिली. चार नावांपुढे फोन लावायची गरज उरली नव्हती. त्यांचं काय आजाराने झालं, काय आमच्या गोळ्यांनी, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून डॉक्टर 'मला माहीत नाही, म्हणून ट्रायल आहे' असं म्हणाले, तर मला तो माणूस जास्त भरवशाचा वाटतो. 'फरक पडणारच' असं छातीठोक सांगत असतील तर मात्र विचार, मग ट्रायल कशाला करताय?

पुढचं महत्त्वाचं. आयपीएफची गती कमी करणारी औषधं आज बाजारात आहेत, उदाहरणार्थ पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब. निन्टेडॅनिबच्या चाचणीत, २०१४ साली, बिनऔषधाच्या गटात एका दमात बाहेर सोडता येणारी हवा वर्षाला सुमारे २४० मिली कमी झाली, औषधाच्या गटात सुमारे ११५. वाचलेली हवा म्हणजे एक कप चहा. तुला थोडी वाटेल, पण दम लागणाऱ्या माणसाला वर्षाकाठी तो एक कप फार असतो. बाबा यातलं एखादं घेत असतील तर ते ट्रायलमध्ये चालू राहणार का, हे पहिलं विचार. चालू राहणार असेल तर बिनऔषधाची गोळी आली तरी बाबा उघड्यावर पडत नाहीत. बंद करायला सांगत असतील तर कारण पटेपर्यंत पेन उघडू नका.

ट्रायलमध्ये काय करतात तेही सांगते, म्हणजे काकांचा उंदीर डोक्यातून जाईल. फुंकायची टेस्ट बाबांनी केलीच असेल. दुसरी असते सहा मिनिटं चालायची. ३० मीटरचा सरळ पॅसेज, दोन टोकांना रस्त्यावर ठेवतात तसे दोन प्लास्टिकचे कोन, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आपल्या चालीने जायचं, वळायचं, यायचं. दम लागला तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरने काय बोलायचं तेही ठरलेलं. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, एकाच सुरात : 'छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत.' मग चार. 'शाब्बास आजोबा, पळा' असं म्हणायचं नाही. नवी होते तेव्हा मी एका फलटणच्या आजोबांच्या बरोबरीने चालत, हातवारे करत त्यांना ४० मीटर जास्त चालवलं होतं. मला वाटलं, मोठं पुण्य केलं. सरांनी ती टेस्ट बाद केली. आजोबा माझ्या चालीने चालले होते, फुफ्फुसाच्या नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना परत यावं लागलं, माझ्यामुळे.

आता फॉर्मचं. त्याची एक प्रत घरी ठेवायला मिळालीच पाहिजे. ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागून घे. २००९ पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्या त्या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवाव्याच लागतात आणि नंबर टाकून कुणालाही बघता येतं. एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन फॉर्मवर असेल, तो लावून बघायलाही हरकत नाही. आमच्याकडे वर्षातून दोघं-तिघंच लावायचे, मला ते आवडायचे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च ट्रायल करणाऱ्यांचा. आणि बाबा कधीही 'आता पुरे' म्हणू शकतात. त्यांचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

किती खेपा आहेत, तेही मोज. बार्शी-पुणे दोनशे किलोमीटरच्या वर आहे. भाडं मिळतं, पण ऐन तुरीच्या काढणीत दर पंधरा दिवसांनी एसटीत बसवून आणणार कोण, याचं उत्तर २२ पानांत नसतं.

आणि 'आजच सही करा' म्हणाले तर उठून ये. एका ठिकाणी मी एका तरुण डॉक्टरला पॅसेजमध्ये, ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या आजींकडून पाच मिनिटांत अंगठा घेताना बघितलंय. वाचता न येणाऱ्या माणसाला फॉर्म वाचून दाखवताना बाहेरचा साक्षीदार लागतो. तिथे वॉर्डबॉयची सही होती. मी भांडले. आजींना ट्रायलमधून वगळलं, माझ्याशी महिनाभर कुणी नीट बोललं नाही.

सही करू द्यावी का, हे मी सांगणार नाही. तू बाबांच्या आजाराबद्दल सगळं लिहिलंस, पण बाबा स्वतः काय म्हणतात ते कुठेच नाही. फॉर्म त्यांना वाचून दाखव, एका बैठकीत नाही, रोज चार पानं. सही त्यांची आहे.

प्रश्न : परदेशी कंपन्या आपल्या लोकांवर औषधं तपासतात आणि तिकडे विकतात. आपल्या माणसांच्या उपयोगाचं असं काही संशोधन आपल्याकडे झालंय का? (एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर)

उत्तर : सर, तुमचा संशय निराधार नाही. औषध इथे तपासलं, तर ते पुढे इथल्या माणसाला परवडेल अशा भावात मिळेल का, हे विचारायलाच हवं. पण उत्तर 'हो' आहे, आणि तेही असं की जगाने आपलं ऐकलं.

माझ्या वडिलांची आत्या मिरजेजवळ वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियममध्ये दीड वर्ष होती. घरात तिचं ताट वेगळं, नाव काढायचं नाही. तेव्हा जगभर समज असा की टीबी बरा व्हायचा तर मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी पाहिजेत आणि रोगी घरापासून लांब पाहिजे. खाटा होत्या त्याच्या कित्येक पट पेशंट. बाकीच्यांनी काय करायचं?

१९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. त्यांनी १९३ पेशंट घेतले आणि चिठ्ठी टाकावी तसे वाटले : काही सॅनेटोरियमला, काही आपापल्या घरी. औषध दोघांना तेच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. घरचे पेशंट शहरातल्या गरीब वस्त्यांतले, एका खोलीत सहा-सहा माणसं, खाणं जेमतेम. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं, पण बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ पासून हे छापून येऊ लागलं. पुढे देशोदेशी टीबीचा इलाज घरी राहून होऊ लागला आणि सॅनेटोरियमं ओस पडली. ते केंद्र आजही चेन्नईत आहे, आयसीएमआरची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून.

आत्याआजी हे छापून यायच्या आधीच घरी आली होती. तिचं वेगळं ताट मात्र आमच्या घरात पुढे वीस वर्षं होतं.

प्रश्न : वय ५८. तीन जिने चढले की छातीत भरून येतं, थांबलं की जातं. अँजिओग्राफीत एका नळीत ८० टक्के ब्लॉक. डॉक्टर स्टेंट टाका म्हणतात. मुलगा म्हणतो, लंडनमध्ये खोटी अँजिओप्लास्टी करून बघितली तर तीही तेवढीच लागू पडली. खरं काय? (डोंबिवली)

उत्तर : मुलाने अर्धी गोष्ट सांगितली. २०१७ च्या त्या अभ्यासात २०० पेशंट होते. सगळ्यांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला गाणी लावलेले हेडफोन. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना काहीच नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पण सगळे त्याआधी छातीतल्या दुखण्यावरची भरपूर औषधं घेत होते.

त्याच मंडळींनी पुढे ३०१ जणांवर दुसरा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. या वेळी ती औषधं आधी थांबवली होती. तेव्हा स्टेंटवाल्यांचं दुखणं खरंच कमी झालं, ट्रेडमिलवर ते साधारण मिनिटभर जास्त टिकले. म्हणजे तुमच्यासारख्या, चढताना भरून येणाऱ्या पण थांबल्यावर शांत होणाऱ्या दुखण्यात स्टेंटने आराम पडतो, आणि औषधांनीही पडतो. तुमची औषधं पुऱ्या मात्रेत दिली होती का आणि ब्लॉक नेमका कुठल्या नळीत आहे, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. डावी मुख्य नळी असेल तर हिशोबच वेगळा.

आणि बसल्या जागी, घाम फुटून, न थांबणारं दुखलं तर हा कागद बाजूला टाका आणि रिक्षा पकडा. हार्ट अटॅकमध्ये तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही.

प्रश्न : मला गेल्या वर्षी अटॅक आला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की एका रक्तगटाच्या बायकांना ती लागूच पडत नाही. माझा तोच गट आहे. बंद करू का? (रत्नागिरी)

उत्तर : मुळीच नाही. १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी हार्ट अटॅकच्या १७,१८७ पेशंटवर केलेली एक चाचणी छापली. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत पाच आठवड्यांत ८०४ जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी गेले, न घेणाऱ्या तेवढ्याच मोठ्या गटात १०१६. ती छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक म्हणाले, बायका किती, म्हातारे किती, असे तुकडे पाडून आकडे द्या. संशोधक म्हणाले, देतो, पण आमचाही एक तक्ता छापा. त्यांनी पेशंट राशींप्रमाणे वाटले आणि दाखवून दिलं की मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदाच होत नाही! आपली चंद्ररास नव्हे हो, जन्मतारखेवरून काढतात ती साहेबी रास. इतके बारीक तुकडे पाडले की कुठल्यातरी तुकड्यात असलं काहीतरी निघतंच, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

तुमच्या रक्तगटाचा मेसेज त्याच जातीचा. पोटात जळजळ, काळी शी, असं काही होत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. नाहीतर गोळी जेवणानंतर, रोजच्यासारखी. तो मेसेज तुम्हाला पाठवणाऱ्या वहिनींना हा अंक द्या. त्यांची रास तूळ असेल तर आधी मला कळवा.