लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतं, मोबाईलवर मात्र मस्त चालतं, घर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आहे, काय करू?

मोबाईलवर चालतंय म्हणजे लाइन ठीक आहे, घोळ बहुतेक लॅपटॉपातच, नेटवाल्याला फोन करत बसू नका. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अन पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची जी टिक असते ती काढून टाका. लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिला की नेट जातं ना, ते बरेचदा ह्याच्यामुळेच. (काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही.) ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या, पण अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर उलट रोल बॅक करा, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जा.

आणि तुम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहता म्हणालात, तर तिथल्या जाड भिंतींतून राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय फारसं पार होत नाही, मागच्या खोलीत बसायचं असेल तर २.४ वरच जोडा, फक्त तिथे शेजारपाजारच्यांच्या राउटरांची गर्दी, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा तो ठेवा. मायक्रोवेव्ह लावला की तुटतं का तेही बघा.

तरी नाहीच जमलं तर कुणाचं तरी यूएसबी वायफाय डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय कार्ड) उसनं मागून लावा, त्यावर नीट चाललं तर आतलं कार्ड नाहीतर त्याची अँटेनाची वायर गेलीय समजा.