वाचक विचारतात: माळावर एकट्यानं राहायचं तर

प्रश्न: मंगळवेढा तालुक्यात गावापासून ५ किलोमीटरवर माळावर जमीन आहे. दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे. तिथं वर्षभर एकट्यानं राहायचंय. पावसाचं पाणी पुरेल का? हौद केवढा बांधू?

उत्तर: पुरेल, पण आधी छप्पर मोजा, हौद नंतर. सोलापूरकडं वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस होतो. १ चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पडला की १ लिटर; त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरा. म्हणजे ५०० चौरस फूट पत्र्यावरून २० हजार लिटर. एका माणसाला पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं मिळून रोज ४० लिटर धरा. ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने काढायला १० हजार लिटरचा हौद हवा: आतून ८ फूट लांब, ७ फूट रुंद, ७ फूट खोल, वरचा अर्धा फूट रिकामा. गाय ठेवणार असाल तर हे गणित मोडलं. तिला एकटीलाच ४०-५० लिटर लागतं.

राहतं घर धाब्याचंच (मातीच्या सपाट छपराचं) बरं, मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. पण धाब्याचं पाणी गढूळ. म्हणून पडवी आणि सरपणाची शेड पत्र्याची करा, पाणी तिथलंच घ्या.

हौद काळ्या रानात खणू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे जातात. मुरूम लागेल तिथंच खणा. झाकणातून उजेड गेला की शेवाळ धरतं. सांडव्याच्या पाइपाला जाळी नसली की डास. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा, त्यात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. ब्लिचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, ताजीच. उघड्या पुडीचा जोर जातो. बादलीत कालवून वरची निवळ ओता, साका फेका, तासाभरानं पाणी वापरा.

सप्टेंबर हा आपल्याकडं सगळ्यात पावसाचा महिना. तो संपताना हौद निम्माच असेल तर त्याच दिवसापासून २५ लिटरवर या. २०० दिवस, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत जाईल. पुढं टँकरच, त्यासाठी रस्ता हौदापर्यंत आणून ठेवा.

प्रश्न: ज्वारी किती भरू? दरवर्षी सोंडे लागतात.

उत्तर: रोज ४०० ग्रॅम धरले तर दीड क्विंटल. कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. रात्रभर निवू द्या, मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आत घाम सुटतो, अन् कीड-बुरशी तिथूनच सुरू होते.