कोयनेचा २ रिश्टरचा धक्का कुठे झाला हे कळतं कसं?

बेसिक आयडिया विजेसारखीच, आधी लख्ख दिसतं मग गडगडाट, मधला वेळ मोजला की अंतर. भूकंपात आधी पी लहर येते (सेकंदाला साधारण ६ किमी), मागून एस लहर (साधारण साडेतीन), दोन्हीतला फरक सेकंदात घ्या आणि ८ ने गुणा, झालं अंतर किलोमीटरमध्ये. म्हणजे ३ सेकंद असेल तर २४ किमी. पण दिशा कळत नाही, म्हणून भूकंप मोजणाऱ्या तीन स्टेशनांभोवती तीन वर्तुळं काढायची, जिथे छेदतात तिथे केंद्र. शाळेत एवढंच सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. वर्तुळं कधीच एका बिंदूत नीट छेदत नाहीत, म्हणून कॉम्प्युटर एक जागा, खोली आणि वेळ धरतो, लहर प्रत्येक स्टेशनला कधी पोचायला हवी ते काढतो आणि फरक कमीत कमी होईपर्यंत जागा सरकवत राहतो. सगळ्यात जास्त घोळ खोलीचा, स्टेशन अगदी जवळ नसेल तर ती भरवशाची येतच नाही. त्यात २ रिश्टर म्हणजे एवढासा धक्का, ट्रक, वारा, पाऊस यातच हरवतो. म्हणून हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) कोयना-वारणेत बोअर मारून खोल खाली सिस्मोमीटर (भूकंपमापक यंत्रं) सोडलेत, तिथे शांतता असते. पालघरला २०१८ च्या शेवटी धक्क्यांची रांग लागली तेव्हाही आधी जवळपास जास्तीची यंत्रंच बसवावी लागली.

आणि शेजारशेजारच्या दोन धक्क्यांच्या लहरी जवळपास सारख्याच वाटेने येतात ना, मग त्यांच्या वेळा एकमेकांतून वजा केल्या की जमिनीत लहर किती वेगाने जाते या अंदाजातली चूक बरीचशी कटते आणि नकाशावर विखुरलेले धक्क्यांचे ठिपके फॉल्टच्या (जमिनीतल्या भेगेच्या) रेषेवर येऊन बसतात, मला तरी हीच पद्धत सगळ्यात भारी वाटते.