ॐ ‘गोंदला’ की ‘गोंदवला’?

प्रश्न असा आहे: ‘भावाने मनगटावर ॐ गोंदला’ बरोबर की ‘गोंदवला’? आणि सरळ ‘टॅटू काढला’ म्हटलं तर काय बिघडलं?

व्याकरणाने पाहिलं तर सुई ज्याच्या हातात तो गोंदतो. ज्याच्या कातडीत ती टोचली जाते, तो गोंदवतो किंवा गोंदून घेतो. ‘गोंदवून घेतला’ यात एकच काम दोनदा सांगितलंय, पण ते इतकं रुळलंय की मी त्यावर लाल रेघ मारणार नाही. शिवाय ‘मी केस कापले’ म्हणतो तेव्हा कात्री न्हाव्याच्याच हातात असते ना? त्याच न्यायाने ‘गोंदला’ही चालेल. भाऊ स्वतःच टॅटूवाला असला तर तेवढा घोटाळा!

‘टॅटू काढला’ हे ‘चित्र काढलं’च्या चालीवर आलं. पण आपण काटाही काढतो आणि डागही काढतो. ‘त्याने दंडावरचा महादेव काढला’ म्हणजे नवा करून घेतला की लेझरने घालवला? मागचंपुढचं कळल्याशिवाय सांगता येत नाही. गोंदणाच्या बाबतीत हा पेच जुन्या बायकांना कधी पडला नसेल. मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, अशी त्यांची समजूत. हातावरची तुळस पुसायचं कोणाच्या मनात येणार?

मात्र अंगावरच्या प्रत्येक धर्मचिन्हाला ‘गोंदणे’ लावू नका. माध्व वैष्णव, म्हणजे मध्वाचार्यांना मानणारे विष्णुभक्त, शंखचक्राच्या मुद्रा (ठसे) गोपीचंदनाने लावतात, त्या धुतल्या की जातात. आषाढी एकादशीला उडुपीच्या परंपरेत तापवलेल्या धातूच्या मुद्रा अंगावर घेतात, ती तप्तमुद्रा. तिथे सुई नाही की रंग नाही, म्हणून क्रियापद ‘घेणे’ किंवा ‘धारण करणे’. गंध लावतात, मळवट भरतात.

याउलट छत्तीसगडच्या रामनामी पंथाचे लोक खरोखर गोंदवतात. अस्पृश्य ठरवून देवळाबाहेर ठेवलेल्या या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रामनाम थेट कातडीवर घेतलं. कपाळावर नाव असलेला तो ‘शिरोमणी’, सर्वांगावर असलेला तो ‘नखशिख’. आपला ‘नखशिखांत’ बहुतेक वेळा पावसात भिजण्यापुरता उरलाय. त्यांच्याकडे त्यातला ‘नखशिख’ माणसाची ओळख सांगतो. गोंदणाला ते ‘गोदना’ म्हणतात, म्हणजे आपल्याच शब्दाचा भाऊ.